ह्याला पत्ता कोनी दिला?

आमच्या कंपनीच्या बसमधले मागचे दोन स्पीकर बंद होते. वत्सलाबाईंबद्दल सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

बस पालघरहून निघायची, उमरोळीला थांबायची आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या औषध कंपनीच्या गेटवर रिकामी व्हायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर टीव्ही होता आणि त्याला लावलेल्या पेन ड्राइव्हमध्ये पन्नासेक सिनेमे. पाऊण तास जाताना, पाऊण तास येताना, असा एक सिनेमा दोन दिवस पुरायचा. पुढे बसणाऱ्यांना गाणी आणि संवाद ऐकू यायचे. मागच्या बाकावर फक्त चित्र.

मागच्या बाकावर वत्सलाबाई बसायच्या, कारण त्यांच्याजवळ सुक्या मासळीची पिशवी असायची. त्या समुद्रकाठच्या गावातल्या, होडीवर जाणाऱ्या घरातल्या. बसमधल्या निम्म्या बायकांचे बोंबील, सोडे, जवळा त्याच आणून देत. बायकांना जवळा हवा असायचा, त्याचा वास नको असायचा. म्हणून पिशवी मागे आणि पिशवीमागोमाग वत्सलाबाई. दहा-बारा वर्षं त्यांनी सगळे सिनेमे असे बिनआवाजाचे पाहिले. त्यामुळे आम्हाला जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसायचं, असं आता मला वाटतं. तेव्हा वाटायचं, बाई खडूस आहे.

मी टाइम ऑफिसात. हजेरी, रजा, शिफ्टचे तक्ते, कामगारांचे पत्ते आणि फोन, सगळं माझ्याकडे. प्रत्येक गोष्टीची यादी करायची मला लहानपणापासून सवय आहे. दाराला कुलूप लावण्याआधीची माझी सात कामांची यादी आहे आणि ती मी अजून म्हणते. वत्सलाबाईंचे प्रश्नसुद्धा मी माझ्या डायरीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवत असे. सुरुवातीला गंमत म्हणून.

पहिला प्रश्न नेहमी तोच. पडद्यावर हिरो मोटरसायकल घेऊन हिरॉइनच्या गल्लीत यायचा, तिच्या खिडकीखाली उभा राहायचा, आणि मागून खणखणीत आवाज यायचा, "ह्याला पत्ता कोनी दिला?"

बस हसायची. कुणीतरी म्हणायचं, मावशी, प्रेम आहे त्याचं, शोधून काढला असेल. वत्सलाबाई पिशवीची गाठ पुन्हा आवळत म्हणायच्या, "शोदून नाय काडला. कोनीतरी दिला. बघा, मागं जाऊन बघा."

एकदा ड्रायव्हरने खरंच सिनेमा मागे नेला. तिच्या मैत्रिणीने दिला होता, हसत हसत, कॉलेजच्या जिन्यात. नंतर आम्हाला नादच लागला. दर सिनेमात पत्ता देणारं माणूस सापडायचं. कधी मैत्रीण, कधी शेजारची काकू, कधी कॉलेजचा शिपाई. माझ्या डायरीत अशी चौदा माणसं नोंदलेली आहेत. एकही व्हिलन नाही.

व्हिलनबद्दल त्यांना फारशी तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं, तो निदान ओळखू येतो, त्याच्या मागे गाणं लागत नाही. "ह्यो बी तिचा हात धरतो, त्यो बी धरतो. मला तर दोगं सारकेच दिसतात. तुमाला पुडं बसून येगले कशे दिसतात?"

ऐकू न येण्याचा हा फायदा पुढच्या बाकांवरच्यांना कळत नव्हता. आम्हाला बासरी ऐकू यायची. त्यांना फक्त मनगटावरची पकड दिसायची.

कामावरही त्या तशाच. त्या पॅकिंगला होत्या. आमच्याकडे एका औषधाच्या पट्ट्या भरून झाल्या की दुसरं औषध लावण्याआधी सगळी लाइन रिकामी झाली का ते बघतात. एक बाई बघते, सही करते. दुसरी बघते, सही करते. पहिल्या औषधाची एक गोळी जरी यंत्राच्या सरकत्या पट्ट्याखाली राहिली तरी ती भलत्याच माणसाच्या पोटात जायची. वत्सलाबाई तिसऱ्या. त्यांना कुणी सांगितलेलं नसे. दोन सह्या झाल्या की त्या बॅटरी घेऊन ओणव्या व्हायच्या. एकदा त्यांनी यंत्राच्या पायाशी एक पांढरी गोळी शोधून काढली आणि तळहातावर ठेवून सुपरवायझरसमोर धरली. तो म्हणाला, दोघींनी सही केलीय की. त्या म्हणाल्या, "सई झाली म्हनून गोली गेली नाय."

हा संशय सगळ्यांना पुरायचा, निर्दोष माणसांनाही. एका पावसाळ्यात माझे मिस्टर छत्री घेऊन गेटवर आले, तर दुसऱ्या दिवशी मला विचारलं, रोज येतात का? रोज नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग ठीक हाय." आणखी एकदा बायकोचा विसरलेला डबा घेऊन आलेल्या एका गरीब बिचाऱ्या पोराला त्यांनी वॉचमनसमोर इतकं फैलावर घेतलं की तो डबा भिंतीवर ठेवून पळाला. पोरगा सरळमार्गी होता, मी स्वतः सांगितलं. त्यांनी माफी मागितली नाही. डबा मात्र स्वतः आत नेऊन दिला.

एका संध्याकाळी परतताना पडद्यावर हिरोने हिरॉइनच्या थोबाडीत मारली आणि पुढच्याच मिनिटाला ती त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. पुढच्या बाकावरची एक नवीन लग्न झालेली मुलगी हळूच म्हणाली, खरं प्रेम असतं तिथेच राग येतो. मग कुणीतरी मागे वळून विचारलं, मावशी, तुमच्या दादल्याने कधी हात उचलला नाही का?

त्या आरामात सांगायला लागल्या. एकदा उचलला होता. लग्नाला दुसरं वर्ष. त्यांच्याकडे मासळी पुरुषाने आणायची आणि बाईने विकायची. किनाऱ्याला होडी लागली की पुढचं सगळं बाईचं. दुसऱ्या दिवशी होडी लागली तेव्हा वत्सलाबाई किनाऱ्यावर गेल्याच नाहीत. उंबऱ्यात बसून जाळं शिवत राहिल्या. तिसऱ्या दिवशीही नाही. सासऱ्याने मासळीच्या पाट्या उचलून बघितल्या, पण बाजारात पुरुषाजवळ कोण घेणार आणि तो काय बोलणार? मासळी तिथेच मऊ पडली. चौथ्या दिवशी सासू स्वतः लेकाचा कान धरून उंबऱ्यापाशी घेऊन आली.

"मासली त्याची," त्या म्हणाल्या, "पन बाजार माजा." मग पडद्याकडे बोट केलं. "हिला बाजार नाय. बघा तुमी. पिच्चरमदली बाई कामाला जाते काय? गेली तरी इंटरवलपर्यंत. हिरो पैलं काय करतो, तर तिचं काम सोडवतो. मंग ती रडनार नाय तर काय करनार?"

मी डायरीत लिहिलं: काम कुठवर टिकतं ते बघणे. पुढच्या महिन्यात अकरा सिनेमे झाले. फक्त दोघींची नोकरी शेवटपर्यंत टिकली, आणि त्यातली एक विधवा होती.

दर्शना आली ती याच सुमाराला. मासवणकडची मुलगी, बावीस वर्षांची, पॅकिंगला नवीन. काम चटकन उचललं तिने. बसमध्ये खिडकीशी बसायची आणि बस सुटली की तिचा फोन वाजायचा. व्हिडिओ कॉल. ती फोन फिरवून दाखवायची: ही शेजारी बसलेली बाई, हा पुढचा बाक, ही खिडकी. पलीकडे तिचा ठरलेला मुलगा असायचा. साखरपुडा व्हायचा होता, बोलणी झाली होती. तोही इथल्याच एका कारखान्यात होता. दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. शिफ्टमध्ये आम्ही फोन लॉकरमध्ये ठेवायला लावतो, तेवढे आठ तास तिला फोन नसायचा. बाकी वेळ असायचा.

बायकांना कौतुक. केवढी काळजी करतो. मलाही तसंच वाटलं होतं, लिहितेच आहे तर खरं लिहावं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाय, बसमदे कोन हाय ते त्याला कशाला पायजे?"

दर्शना हसली. दोन दिवसांनी ती जागा बदलून मागे, पिशवीजवळ जाऊन बसली. तिथे रेंज बरी येत नाही, असं तिने फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. रेंज सगळीकडे सारखीच होती.

मागच्या बाकावर त्या दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. त्याने तिला सांगितलं होतं, लग्नानंतर काम सोडायचं, आणि खरं तर आधीच सोडलेलं बरं. तिला सोडायचं नव्हतं. उलट तिला बोईसरमध्येच एक कॉम्प्युटरचा क्लास करायचा होता, म्हणजे पॅकिंगमधून स्टोअरच्या ऑफिसात जाता आलं असतं. तो क्लासला नाही म्हणाला होता. तिथे मुलं असतात. मग तिने असं केलं: क्लासचं सांगून माझ्याकडून पहिली शिफ्ट मागून घेतली, जी तीनला सुटते, आणि त्याला सांगितलं की सकाळची बस सगळ्यांना एकच असली तरी शिफ्ट जनरल आहे, साडेपाचला सुटते. मधले अडीच तास तिचे. तेवढेच.

आता माझं काम.

एका बुधवारी सव्वातीनला टाइम ऑफिसचा फोन वाजला. मी फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलते आणि कुणाला ताटकळत ठेवत नाही, याचा मला अभिमान होता. पलीकडून अतिशय नम्र आवाज. मॅडम, मी दर्शनाचा होणारा मिस्टर. तिचा वाढदिवस आहे, सरप्राइज द्यायचंय. ती साडेपाचलाच सुटते ना? तिला सांगू नका हं.

तक्ता माझ्यासमोर भिंतीवर होता. मी म्हटलं, नाही हो, ती पहिल्या शिफ्टला आहे, तीनला सुटली. मग, मदत करायची म्हणून, हेही सांगितलं की ती कंपनीच्या बसने जात नाही, स्टेशनकडच्या क्लासला जाते. एवढं सांगून मी फोन ठेवला, आणि खरं सांगते, हसत ठेवला.

दर्शना गुरुवारी आली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. सोमवारी आली तेव्हा उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं आणि तिच्याकडे फोन नव्हता. रजेच्या अर्जावर तिने कारण लिहिलं: घसरून पडले. अक्षर डाव्या हाताचं. मी तो अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवला.

त्याच सोमवारी बसमध्ये नवा सिनेमा लागला. हिरो एका इमारतीच्या जिन्यावर चढून बेल दाबत होता. बायकांनी सवयीने मागे वळून बघितलं, आता मावशी विचारणार म्हणून. वत्सलाबाई दर्शनाच्या मनगटाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चौकशी सुरू केली. लाइन तपासतात तशीच, एका टोकापासून. डब्याच्या सुट्टीत एकेकीजवळ जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, बुधवारी त्याचा फोन आला होता काय, काय विचारलं, तू काय सांगितलंस. वॉचमनला विचारलं. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, "मौसी, मैं तो किसी को टाइम भी नहीं बताता." क्लासच्या खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत जाऊन आल्या. त्याच्याकडून कळलं की भर रस्त्यात त्या मुलाने दर्शनाचा फोन आपटला आणि मनगट पिरगाळून तिला मोटरसायकलवर बसवलं. बघायला वीस-पंचवीस माणसं होती. कुणीतरी म्हणालं, घरचं भांडण आहे.

गुरुवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी त्यांना बसायला सांगितलं नाही, आधीच बोलले. म्हटलं, वत्सलाबाई, मी सांगितलं. त्याने वाढदिवस म्हणून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. शिफ्ट, वेळ, क्लास, सगळं.

मला वाटलं, आता डबेवाल्या पोरासारखं होणार माझं. त्या खुर्ची ओढून बसल्या. भिंतीवरचा तक्ता बराच वेळ वाचला.

"पिच्चरमदे बी ती बाई वाईट नसते, मॅडम," त्या म्हणाल्या. "तिला ते ग्वाड वाटतं."

तेवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माझ्या डायरीत चौदा माणसांच्या खाली पंधरावी जागा रिकामी होती. मी तिथे माझं नाव लिहिलं.

तो तक्ता मी त्याच संध्याकाळी भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. फोनवर कुणालाही, मुलीच्या आईलासुद्धा, एकच उत्तर द्यायचं ठरवलं: तिला निरोप देते, तीच फोन करेल. तोपर्यंत दर्शनाने घरी सांगून टाकलं होतं की हे लग्न करायचं नाही. घरचे म्हणत होते, मुलगा माफी मागतोय, एकदा ऐकून तरी घे. सगळं त्या ऐकून घेण्यावर अडलं होतं. ऐकलं असतं तर नोकरी सुटली असती आणि पुढचं काय काय, ते मनगट सांगतच होतं.

माफी मागायला तो दहा दिवसांनी आला. तीन वाजता, कंपनीच्या गेटवर, बस भरून सुटायच्या बेतात असताना. त्या दिवशी दर्शना बसमध्ये होती. क्लास बंदच झाला होता. बसच्या दारासमोर त्याने गुडघा टेकला. एका हातात गुलाबांचा गुच्छ, समोर रस्त्यावर केकचा डबा उघडून ठेवलेला, आणि बाजूला त्याचा मित्र मोबाइलवर शूटिंग करत होता. शिफ्ट सुटलेली, शे-दीडशे माणूस गोळा झालं. शिट्ट्या सुरू झाल्या. बसमधल्याही दोघी-तिघी टाळ्या वाजवायला लागल्या. तो रडत होता. चांगला रडत होता. नाव घेऊन म्हणत होता, एकदाच खाली ये.

त्या दिवशी लवकर सुटून मीही बसमध्ये होते. कबूल करते, मीही त्याच्याकडेच बघत होते. तेवढ्यात वत्सलाबाईंनी माझ्या दंडाला धरून मला मागे वळवलं.

"सगली त्याच्याकडं बघतात," त्या म्हणाल्या. "तुमी तिच्याकडं बघा."

दर्शना मागच्या बाकाच्या कोपऱ्यात, पिशवीच्या आड, खाली सरकून बसली होती. डाव्या हाताने तिने उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. बँडेज निघून चार दिवस झाले होते.

वत्सलाबाई तिच्यासमोर वाकल्या, यंत्राखाली बघताना वाकायच्या तशाच. डायरीतला त्यांचा दुसरा नेहमीचा प्रश्न होता, हिला कोनी विचारलं? सिनेमात तो प्रश्न त्या पडद्याला विचारायच्या. आज त्यांनी तिलाच विचारलं.

"उतरायचं हाय तुला?"

"नाय," दर्शना म्हणाली.

"मोट्यानं बोल. पुडपर्यंत जाऊ दे."

"नाय उतरायचं मला."

टाळ्या थांबल्या. वत्सलाबाई बाकांमधून चालत दारापर्यंत गेल्या. त्याच्याकडे बघितलंही नाही. दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "नाय बोलली ती. चल."

ड्रायव्हर क्षणभर थांबला, कारण समोर केक होता. मग त्याने बस मागे घेतली, केकला वळसा घातला आणि निघाला. टीव्ही त्याने त्या दिवशी लावला नाही.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. कुठल्या दिवशी किती वाजता फोन, कुठे उभा होता, कोणी पाहिलं, क्लासच्या खाली काय झालं, सगळं तारीखवार मांडून मी अडीच पानं केली. बुधवारच्या फोनची नोंदही घातली, मी काय सांगितलं त्याच्यासह. ते घेऊन दर्शना, तिची आई, वत्सलाबाई आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घेतली, त्याला बोलावून समज दिली. महिनाभर तो दिसला नाही. नंतर दोनदा दिसला, गेटपासून लांब, मोटरसायकलवर नुसता बसलेला. सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही.

दिवाळीनंतर दर्शनाने राजीनामा दिला. दुसरीकडे काम लागलं होतं, स्टोअरच्या ऑफिसातलंच. क्लास तिने कधी आणि कुठे पुरा केला, मला माहीत नाही. सोडून जाणाऱ्याचा नवा पत्ता घ्यायचा असा आमच्याकडे नियम आहे. तिने तो रकाना मोकळा ठेवला, आणि मी न विचारता शिक्का मारला. पत्ता फक्त वत्सलाबाईंना ठाऊक होता.

मग त्याही निवृत्त झाल्या. बसचं टेंडर बदललं, नवीन बसला टीव्ही नाही. आता ज्याचा त्याचा सिनेमा ज्याच्या त्याच्या फोनवर आणि प्रत्येकाच्या कानात स्वतःचे स्पीकर.

गेल्या मार्चमध्ये वर्षाचे बोंबील आणायला मी त्यांच्या गावी गेले. किनाऱ्यावर बांबूंच्या उंच दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि वत्सलाबाई कावळे हाकत खाली बसल्या होत्या. केस पांढरे, आवाज तसाच. त्यांनी चहा पाजला, सुनेची तक्रार केली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. बोंबील निवडून, मोडकं एकेक बाजूला काढून, बांधायला घेतले.

निघता निघता मी विचारलं, दर्शना कुठे असते हो आता? मला खरंच कळावंसं वाटत होतं. ती कुठल्या ऑफिसात बसते, मनगट नीट झालं का, कुणी चांगलं मिळालं का.

वत्सलाबाईंचा दोरी बांधणारा हात थांबला.

"कोनाला पायजे?"

"मलाच. दुसऱ्या कुणाला नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बारा वर्षं ज्या बाईबरोबर बसमधून गेल्या-आल्या, पोलीस ठाण्याच्या बाकावर चार तास बसल्या, त्या बाईकडे. मग गाठ पूर्ण केली.

"बरी हाय," त्या म्हणाल्या, आणि पुडकं माझ्या हातात दिलं.

मी रिक्षात बसले. वळणापाशी आरशात बघितलं तर त्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून. मला वाटलं निरोप देताहेत, म्हणून मी बाहेर हात काढून हलवला. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या रिक्षामागून कुणी मोटरसायकल घेऊन आलंय का, ते त्या बघत होत्या.